चवीपुरतं म्हणता म्हणता

माझा पाय भाजलाय हे मला बेबीनं सांगितलं. मला स्वतःला कळलंच नव्हतं.

मी नागपुरात, धरमपेठेतल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. नव्वद मुली, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. बेबी माझ्यासमोर बसून चपात्या लाटते. त्या दिवशी दुपारी सगळं आटोपल्यावर मी चप्पल काढून पाय पसरले, तर ती लाटणं हातात घेऊन तशीच वाकली.

“अवं मंगलताई, पायाले काय झालं वं तुह्या?”

“कुठं काय?”

“हा लिंबाएवढा फोड आला, अन् म्हणते कुठं काय! भाताचं पाणी सांडून चपलीत गेलं असंन. दुखते का?”

“नाही गं.”

“मंग काहून नाही दुखत?”

ह्या प्रश्नानं मला आई आठवली. वीस वर्षांपूर्वी माझी आईही असंच म्हणाली होती. तिच्या टाचेत काटा मोडला, जखम चिघळली, आणि ती म्हणाली, दुखत नाही. आम्ही सगळे खूश झालो. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, अशीच आमची समजूत. पुढं तिचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नंतरची चार वर्षं ती सोप्यातल्या बाजेवर पडून होती आणि तिचं सगळं मी केलं. त्यामुळं त्या दिवशी मला फोड दिसलाच नाही. ती बाज दिसली.

दहा दिवस

आमचं माहेर-सासर दोन्ही गडहिंग्लजकडचं. माझे मालक गवंडी होते. ह्याच वसतिगृहाच्या बांधकामावर आले, आणि इमारत पुरी झाली तसे गेटवर वॉचमन म्हणून राहिले. मला मेसचं काम मिळालं, आणि त्यावर मागल्या बाजूची एक खोली आम्हाला मिळाली. गावाकडं जायचं म्हणजे एक रात्र आणि वर बराच दिवस मोडतो, त्यामुळं इथं अडीअडचणीला आम्हाला आम्हीच.

ह्यांनी गेटवर दुसऱ्याला बसवलं आणि मला रिक्षात घालून धंतोलीत नेलं. तिथं एका दवाखान्यातून बाहेर पडलं की दुसऱ्याच्या दारात पाय पडतो, आणि तरी सगळीकडं रांगा. रक्त तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, “साखर कधीपासून आहे?”

मी म्हटलं, “मला साखर नाही.”

“आहे बाई. आणि बरीच वर्षं असावी.”

वजन अठ्ठ्याऐंशी भरलं. रिपोर्ट माझ्या हातात दिला. मी सहावीत शाळा सोडलेली. आकडे वाचले, पुढचं सगळं इंग्रजीत. मला काय झालंय ते सगळ्यांना वाचता येतंय आणि मलाच येत नाही, असं वाटून मी तो कागद उगाच घडी घालत बसले.

दहा दिवस ठेवून घेतलं. सकाळी सहाला बोट टोचायचे, मग बिनसाखरेचा चहा, मग ड्रेसिंगची गाडी. तिची चाकं कुरकुरत यायची. ती कुरकुर लांबून ऐकू आली की मी डोळे गच्च मिटून घ्यायची आणि सिस्टरला विचारायची, “पाची बोटं आहेत ना हो?” ती पोरगी कामात असायची, वीस-बावीस पेशंट तिच्या अंगावर. पण एकही दिवस वैतागली नाही. “पाची जागेवर आहेत, मावशी,” म्हणायची आणि एकेक बोटाला शिवून मोजून दाखवायची. मला ते शिवलेलं कळायचं नाही. पण तिचं मोजणं ऐकू यायचं, आणि त्या जोरावर माझा दिवस निघायचा.

शेजारच्या खाटेवर नरखेडकडच्या एक आजी होत्या. त्यांचा मुलगा घरच्या बागेतल्या मोसंब्यांची पिशवी भरून घेऊन आला. आता त्यांनाही साखर, मलाही साखर. आम्ही दोघी साल सोलून नाकाशी धरून बसलो. सिस्टरनं पाहिलं.

“आजी, ही पिशवी हलवा इथून!”

“वास घ्याले बी बंदी हाय का वं, माय?”

फोड दिसल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, हात न टेकता उठा. मी जोर लावला. ढिम्म. पुन्हा लावला. हे बघत होते, त्यांनी मान फिरवली.

“मांड्यांत ताकदच नाही,” डॉक्टर म्हणाले. “जखम पुरती भरली की वजन उचलायचा व्यायाम सुरू करा. अंगात ताकद वाढली की साखर तिथं खर्ची पडते. चरबी उतरवायचीय, पण नुसतं उपाशी राहून नाही. व्यायामाला लागल्यावर तीन महिन्यांनी परत तपासू. पाय वाचलाय, बाई. पुढच्या वेळी वाचेलच, असं मी सांगू शकत नाही.”

रिक्षात हे म्हणाले, “गावाकडं जाऊया का? इथं कोण आहे आपलं?”

गावाकडच्या सोप्यात ती बाज अजून तशीच आहे.

तालमीच्या दारात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या वर जिम आहे. दुपारी तीन ते चार बायकांची वेळ. तिथं शिकवणारी प्रज्ञा आमच्या वसतिगृहातल्या मुलींच्या बरोबरीची.

जखम भरल्यावरही तो जिना चढायला मला चार दिवस लागले. वर जायचं धाडस होईना, खालूनच परत यायची. आमच्या भागात तालीम म्हणजे पुरुषांची जागा. लहानपणी थोरल्या भावासाठी मी दुधाचा तांब्या घेऊन जायची. तो उंबऱ्याबाहेर ठेवायचा, आत बघायचंसुद्धा नाही. आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षी मी तालमीत शिरणार, तीही भिंतभर आरसे लावलेल्या!

बेबीच्या चेष्टेला तर ऊतच आला. “आता पैलवान होऊन राहिली का वं? मले नको पाडू बापा, माह्या घरी लेकरं हायेत.”

प्रज्ञानं आधी माझे पाय पाहिले. चपला चालणार नाहीत, बंद बूट आणि मोजे पाहिजेत म्हणाली. मग खुर्ची पुढं ओढली. “काकू, हात छातीशी. बसा अन् उठा.”

“अगं, शाळेत शिक्षा म्हणून काढल्यात मी उठाबशा.”

“मग तर तुम्हाला सवय आहे!”

पहिल्या दिवशी तिनं खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, तेव्हा कुठं मी तीनदा उठले. पंधरा दिवसांनी एक उशी गेली. महिन्यानं दुसरी. एकदा तिनं विचारलं, “काकू, मेसमध्ये पातेलं कसं उचलता, दाखवा बरं.” मी कंबरेतून वाकले. तिनं कपाळाला हात लावला. “असं रोज करता? बूड मागं न्या, गुडघे वाकवा, पाठ सरळ, अन् पायांनी जमीन दाबा.” लोखंडी वजन माझ्या हातात दिलं. ते वर आलं. दुसऱ्या दिवशी मी वरणाचं पातेलं तसंच उचललं, आणि पातेल्यात वरण कमी आहे की काय म्हणून झाकण काढून बघितलं.

वजन हलेना

ताकद येत होती, पण काटा हलत नव्हता. सहा आठवड्यांत किलोभर उतरलं आणि तेही परत आलं. सकाळचे साखरेचे आकडेही तिथल्या तिथं. तीन महिन्यांतले निम्मे संपले होते, आणि मला घास गिळताना डॉक्टरांचं वाक्य आठवायचं.

प्रज्ञा म्हणाली, रोज काय खाल्लं ते लिहून आणा. मी वही केली. सकाळी अर्धी वाटी उपमा. दुपारी एक भाकरी, पालेभाजी, काकडी. संध्याकाळी तेच. तिनं आठवड्याचं सगळं वाचलं.

“एवढंच, काकू?”

“एवढंच.”

“बघा हं. माझ्यापासून काय लपवता? खरं सांगा.”

ती सहज म्हणाली असेल. मला ते फार लागलं. मी कमी शिकलेली असेन, खोटारडी नाही. वही उचलली आणि जिना उतरले.

घरी तर आणखी तमाशा. हेही माझ्याबरोबर तेच पथ्याचं जेवत होते. त्यांची पँट सैल झाली होती, पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं. ते हसत म्हणाले, “तुझ्या पथ्यानं मी वाळलो आणि तू आहेस तशीच!” मी ताट सरकवलं आणि रडायला बसले. म्हटलं, “तुम्हालाही वाटतं ना, मी चोरून खाते?” दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. शेवटी मीच म्हटलं, चला गावाकडं, जे व्हायचं ते तिथं होऊ दे.

अकरा दिवस मी जिमला गेले नाही.

डबा

बाराव्या दिवशी दुपारी अडीच वाजता, मुली जेवून गेल्यावर, बेबीनं माझ्यासमोर स्टीलचा एक मोठा डबा ठेवला. मी झाकण काढलं. आत वरण, बटाट्याची भाजी, पोहे, भाताचा गोळा, एका मुलीचा वाढदिवस होता म्हणून केलेला शिरा, आणि बरेचसे भाजलेले शेंगदाणे, असा सगळा काला.

“हे काय गं? कुणाचं?”

“तुयं.”

“माझं?”

“सकाळपासून तू जे जे चाखलं, तेवढं मी ह्याच्यात टाकत गेली. तू वरणाची पळी हातावर घेतली, मी एक पळी टाकली. तू शिऱ्याचा घास तोंडात टाकला, मी एक घास टाकला. कूट कराच्या आधी शेंगदाणे मूठभर खाल्ले तू. मोजले नाहीत, अंदाजानं टाकले.”

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण ही चूक स्वयंपाकीणच करू शकते. आमचा डावा तळहात म्हणजे आमचं माप. पळी तळहातावर टेकवायची आणि चाटायचं. मीठ घातलं की एकदा, मसाला पडला की एकदा, उकळी आली की एकदा, वाढायच्या आधी एकदा. आणि अशी सहा-सात पातेली, दोन्ही वेळा. गवंडी भिंतीला ओळंबा लावून बघतो, तशी ही आमची चव. त्याला कुणी खाणं म्हणत नाही. खाणं म्हणजे ताट घेऊन, मांडी घालून बसणं. मी वहीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. फक्त चवीपुरतं म्हणता म्हणता मी दिवसातून दोन माणसांचं जेवत होते.

पण त्या घटकेला हे काही सुचलं नाही. मी संतापले.

“माझ्यावर पाळत ठेवतेस?”

“ठेवतो. काय करू मंग? तू गावाले गेली, तं माह्यासमोर कोण बसंन? नवी बाई येईन. तिच्यासंगं मी काय बोलू? तुह्यासारखी शिव्या खाऊन घेईन का ती?” तिनं पदरानं नाक पुसलं. “खोटं वाटत असंन तं उद्या तूच टाक डब्यात.”

दुसऱ्या दिवशी मीच टाकलं. डबा कालच्यापेक्षा जास्त भरला.

तीन वाजता जिना चढले. डबा सोबत नेला होता. प्रज्ञानं आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कान पकडले. “चुकलं माझं, काकू. पण तुमच्या वहीत हा डावा हात लिहायचा राहून गेला.” मग आम्ही दोघी इतक्या हसलो की सायकलवर बसलेल्या बाई उतरून काय झालं ते बघायला आल्या.

मिठाचा गोंधळ

चाखायचं बंद म्हणजे बंद, असं मी ठरवलं आणि चव बघायचं काम बेबीला दिलं. आठवडाभर बरं चाललं. मग एका दुपारी मी मीठ घातलं, तिनं चाखलं, तिला कमी वाटलं, तिनं घातलं, आणि मला न सांगता चपात्यांकडं गेली. मी अंदाजानं आणखी एक मूठ टाकली.

“काकू, वरणाला समुद्राचं पाणी वापरलं का?” मुली ओरडल्या. रेक्टर मॅडमनी बोलावून घेतलं. “मंगलताई, दवाखान्यातून आल्यापासून तुमचं लक्ष नाही. जमत नसेल तर स्पष्ट सांगा.”

खोटं कशाला बोलू, मला परत हात पुढं करावासा वाटला. माझी जीभ म्हणजेच माझी नोकरी. नोकरी गेली तर ही खोली गेली, दवाखाना गेला, प्रज्ञा गेली. म्हणजे फिरून तीच बाज.

मग मी सगळं मोजायला लागले. किती डाळीला मिठाचे किती चमचे, किती तिखट, किती गूळ. आजवर कधी मापानं केलं नव्हतं, हात सांगेल तसं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून भिंतीला लावलं. कोथिंबिरीतली वेलांटी एका मुलीनं पेननं दुरुस्त करून दिली. तिखटाचा अंदाज वासावरून येतो, भाजी शिजली की नाही ते पळीच्या पाठीवर कळतं, हे त्या महिन्यात मला नव्यानं समजलं. आता मी एकेक पदार्थ एकदाच, अगदी शेवटी, चमच्याच्या टोकानं बघते आणि चूळ भरते. रविवारी पोहे आणि त्यावर चण्याची झणझणीत तर्री असते त्या दिवशी जड जातं. त्या दिवशी बेबी मला सरळ कांदे कापायला बसवते.

तीन महिन्यांनी

वजन आठ किलोंनी उतरलं होतं. साखर बरीच खाली आली होती. मी खुर्चीवरून हात न टेकता उठले, आणि डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं तरी पाच वेळा उठून दाखवलं. दवाखान्यातून सुटल्यापासून रोज घेत होते ते साखरेचं इंजेक्शन त्यांनी थांबवलं आणि नुसत्या गोळ्या ठेवल्या. मग एक दोऱ्यासारखी बारीक काडी घेऊन तळपायाला टोचत गेले. डोळे मिटून सांगायचं, कळलं की नाही ते. टाचेला कळलं. अंगठ्याला नाही. पुन्हा टोचलं. नाही.

“तिथली संवेदना कदाचित परत येणार नाही,” ते म्हणाले.

हे मी लपवत नाही, कारण हे वाचणाऱ्या काही जणी आत्ता धंतोलीच्या एखाद्या बाकावर बसून रिपोर्टची वाट बघत असतील. व्यायामानं सगळं परत येतं असं मी सांगणार नाही. पण जे आहे ते राखता येतं. माझं वर्ष पुरं होत आलं. वजन एकाहत्तरवर आहे आणि तीस किलो मी जमिनीवरून नीट उचलते. दोनदा हे सगळं सुटलं, एकदा ताप आला तेव्हा, आणि एकदा मे महिन्यात, जेव्हा तीन वाजता बाहेर पडायचं म्हणजे भट्टीत शिरणं. दोन्ही वेळा प्रज्ञाचा फोन आला, “काकू, खुर्ची वाट पाहून राहिली.” नेम टिकला तो माझ्या एकटीच्या निश्चयावर, असं मी म्हटलं तर ते पाप होईल. तीन वाजले की बेबी माझ्या हातातलं पातेलं काढून घेते. “पळ वं, हे मी घासतो.” माझ्या वाटची भांडी ती घासते, तेव्हा माझा व्यायाम होतो.

एक गोष्ट राहिली. लिहू की नको असं वाटत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज तळपाय बघायचा. कुठं खरचटलं, चिरलं, काही रुतलं, तर ते पाय सांगणार नाही, डोळ्यांनीच शोधायला हवं. आणि मला माझा तळपाय दिसतच नव्हता. वाकलं की पोट आडवं यायचं, पाय वर घ्यावा तर मांडी उचलत नसे. तेव्हा ते काम ह्यांनी घेतलं. नवऱ्यानं बायकोचा पाय हातात घ्यायचा, हे आमच्याकडं कुणी ऐकलेलं नाही. पहिल्या दिवशी मी पाय ओढून घेतला. “मला पाप लागेल हो.” ते म्हणाले, “लागू दे, तेही मीच बघतो.” दार लावून घेतलं, चष्मा चढवला, मोबाइलची बॅटरी लावली आणि भिंतीतली चीर शोधावी तसं बोटाबोटांच्या मधलं बघितलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला, गेटवर जायच्या आधी. सुरुवातीला मी नंतर त्यांच्या पाया पडायची.

गेल्या महिन्यात मी जमिनीवर बसले होते, लसूण सोलत. सहज डावा पाय धरून उजव्या मांडीवर ओढला. तो आला. तळपाय वळून माझ्याकडं झाला. किती वर्षांनी मी तो बघत होते! टाचेला दोन भेगा, भाजल्याचा पांढुरका डाग, आणि अंगठ्याखाली एक तीळ. तो तीळ मला आहे हे मला माहीतच नव्हतं. अंगठ्यावरून बोट फिरवलं. अंगठ्याला बोट कळलं नाही. पण बोटाला अंगठा कळला, कोमट होता.

हे आत आले, चष्मा पुसत. मला तसं बसलेलं बघून दारातच थांबले.

“मग? माझी ड्युटी संपली म्हणायची?”

“कुठं संपली? त्या भेगांत काही असलं तर मला एकटीला दिसायचं नाही. लावा चष्मा.”

ते खाली बसले. मी पाय त्यांच्याकडं सरकवला. पाप-पुण्याचं मनात काही आलं नाही. दोघं मिळून बघितलं. काही नव्हतं.